ल्योंच्या चढणीवरची बावीस खुर्च्यांची खानावळ

फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या आमच्या चार दिवसांच्या मुक्कामात तिसऱ्या दिवशी, गुरुवारी रात्री, मी आणि ताई क्र्वा-रूस टेकडीच्या चढणीवरच्या एका बुशोंमध्ये जेवलो. बुशों म्हणजे ल्यों शहराची खास पद्धतीची लहान खानावळ. रोजच्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ बाटलीचे बूच असा होतो, परंतु खानावळीच्या नावाचा बुचाशी संबंध लावत नाहीत. पूर्वी ज्या घरात प्रवाशाला वाइन आणि जेवण मिळे, त्या घराच्या दारावर गवताची किंवा डहाळ्यांची पेंढी टांगलेली असे आणि त्या पेंढीच्या नावावरून हा शब्द आला, असे सांगितले जाते. आम्ही गेलो त्या खानावळीवर पेंढी नव्हती. एक लाकडी पाटी, लाल-पांढऱ्या चौकड्यांचे अर्धे पडदे आणि काचेला आतून लावलेला हाताने लिहिलेला कागद, एवढीच तिची खूण होती.

त्या दिवशी दुपारी आम्ही उपाशी राहिलो होतो, हे आधी सांगितले पाहिजे, कारण संध्याकाळची तयारी आम्ही त्यामुळेच नीट केली. जुन्या ल्योंमधल्या गल्ल्या आणि त्राबूल पाहण्यात वेळेचे भान राहिले नाही. त्राबूल म्हणजे एका रस्त्यावरच्या दारातून आत शिरून, चौक आणि जिने ओलांडत, दुसऱ्याच रस्त्यावर नेणाऱ्या घराघरांतल्या वाटा. सव्वादोनला एका ठिकाणी पोहोचलो, तेव्हा लोक अजून जेवत होते, तरी आम्हाला बसता येणार नाही असे सांगण्यात आले, कारण स्वयंपाकघर दोनला बंद झाले होते. त्या वेळी मला त्याचा राग आला. पण फ्रान्समधल्या लहान खानावळींचे वेळापत्रक असेच असते. बारा ते दोन दुपारचे जेवण, त्यानंतर चूल बंद, आणि संध्याकाळी सात-साडेसातला दार पुन्हा उघडते. दोन माणसांनी चालवलेल्या ठिकाणी मधल्या वेळात भाजी निवडणे, रस्सा आटवणे आणि थोडे पाठ टेकणे हे सगळे उरकायचे असते. ताईने मग तिथेच बाकावर बसून क्र्वा-रूसच्या खानावळीला फोन केला. तिने वीस वर्षांपूर्वी शिकलेली फ्रेंच मोजक्या वाक्यांची होती. दोन माणसे, साडेसात वाजता, आणि एक व्यक्ती मांस-मासे खात नाही, इतके तिने स्पष्ट सांगितले. पलीकडून उत्तर आले की अंडे आणि लोणी चालत असेल तर जरूर या.

क्र्वा-रूसची टेकडी रोन आणि सोन या दोन नद्यांच्या मध्ये आहे. वरपर्यंत मेट्रो जाते आणि चढ इतका तीव्र आहे की त्या मार्गाला दातेरी रूळ बसवावा लागला आहे, पण आम्ही पायऱ्यांनी चढलो. एकोणिसाव्या शतकात ही टेकडी रेशीम विणणाऱ्यांची होती. त्यांना कानू म्हणत. त्यांच्या घरांची छते चार-चार मीटर उंच आहेत, कारण नक्षी विणणारे जाकारचे उंच माग घरातच उभे करायचे होते आणि विणकर त्या मागाच्या शेजारीच झोपत. याच विणकरांनी मजुरीच्या प्रश्नावरून १८३१ आणि १८३४ साली उठाव केले. खानावळीविषयी लिहिताना हे सांगायचे कारण असे की बुशोंचे जेवण मुळात या कष्टकऱ्यांचे जेवण आहे. पहाटेपासून मागावर बसलेली माणसे सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पोटभर खात. त्या न्याहारीला माशों म्हणतात आणि तिच्यात डुकराचे स्वस्त भाग, कोठा, आतडी, डोक्याचे मांस असे, जे श्रीमंतांच्या ताटात जात नसे. ते नीट शिजवण्याचे कौशल्य इथल्या स्वयंपाकाच्या गाभ्याशी आहे.

दार उघडताच ‘बोंस्वार’ म्हणायचे, हे ताईने मला पायऱ्यांवरच बजावले होते. तिथे ही केवळ औपचारिकता मानत नाहीत. नमस्कार न करता थेट जागा विचारणे उद्धटपणाचे समजतात आणि पुढची सगळी संध्याकाळ त्या पहिल्या शब्दावर ठरू शकते. मालकीणबाई साठीच्या असाव्यात. त्यांनी आमचे नाव वहीत पाहिले, खूण केली आणि भिंतीकडचे टेबल दाखवले. खोलीत बावीस खुर्च्या होत्या. टेबले एकमेकांना इतकी लागून होती की मला आत सरकता यावे म्हणून शेजारच्या आजोबांना स्वतःचे टेबल ओढून घ्यावे लागले, आणि त्यानंतर त्यांच्याशी न बोलणे शक्यच नव्हते. ते दर गुरुवारी एकटे येतात, हे आम्हाला पाच मिनिटांतच समजले.

छापील यादी नव्हती. एक काळी पाटी होती. मालकीणबाई ती टेबलापाशी आणून रिकाम्या खुर्चीवर उभी करत आणि पाहुण्यांचे वाचून होईपर्यंत शेजारी थांबत. पाटीवर सुरुवातीचे चार पदार्थ, मुख्य पाच, शेवटी चीज किंवा गोड, आणि तिन्ही मिळून एकतीस युरो. या ठरावीक किमतीच्या जेवणालाच फ्रेंचमध्ये ‘मनू’ म्हणतात, आणि आपण ज्याला मेन्यू म्हणतो ती यादी म्हणजे ‘कार्त’. ‘आँत्रे’ हा शब्दही जपून वाचावा लागतो, कारण फ्रान्समध्ये तो सुरुवातीच्या पदार्थासाठी आहे आणि मुख्य पदार्थ ‘प्ला’. पाटी लहान आहे याचा मला फार आनंद झाला. एक माणूस एका संध्याकाळी बावीस जणांसाठी मनापासून जेवढे शिजवू शकेल, तेवढेच तिच्यावर लिहिलेले होते.

ताईला कांद्याचे सूप हवे होते. वर पाव आणि चीज घालून भाजलेले हे सूप दिसायला अगदी शाकाहारी असते, आणि इथे आम्ही चुकलो असतो. मालकीणबाईंनी ताबडतोब मान हलवली. त्यांनी सांगितले की त्याचा रस्सा गाईच्या हाडांचा आहे, तुम्ही ते घेऊ नका. शाकाहारी वाचकांनी हे अवश्य लक्षात ठेवावे की फ्रान्समध्ये पदार्थात मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे तो शाकाहारी, असे धरता येत नाही. विचारायचे ते रश्शाविषयी. ताईसाठी मग ल्य प्वी गावच्या बारीक हिरव्या मसुरांचे कोशिंबिरीसारखे सॅलड ठरले आणि मुख्य पदार्थ म्हणून मासा न घातलेली साधी केनेल, म्हणजे लोणी, अंडी आणि पिठाचा उकळून भट्टीत फुगवलेला लांबट गोळा. माझ्यासाठी ल्योंचे सॅलड आणि काटेरी गोड्या पाण्यातल्या पाइक माशाची केनेल. कोठ्याचा मोठा तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला ‘ताब्लिये द सापर’ही पाटीवर होता. शेजारच्या आजोबांच्या समोर तोच आला आणि तो खाताना ते काहीही बोलले नाहीत.

पाणी न मागता आले, साध्या काचेच्या सुरईत. नळाचे पाणी जेवणाबरोबर फुकट देणे तिथे बंधनकारक आहे आणि ‘काराफ दो’ एवढे म्हणणे पुरते, तेव्हा बाटलीच्या पाण्याचे पैसे देण्याची गरज नाही. पावही तसाच. त्यासाठी वेगळी ताटली नसते, तो थेट टेबलावरच्या कागदावर ठेवायचा असतो. मी वाइन घेतली, ती ‘पो’मधून. ल्योंची ही बाटली ४६ सेंटीलिटरची असते आणि तिचा तळ बोटभर जाड काचेचा असतो, त्यामुळे ती हाताला जड लागते आणि सहसा कलंडत नाही. आतली वाइन बोजोलेची होती, म्हणजे शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांमधल्या गामे द्राक्षांची, थंडसर आणि हलकी.

सॅलडमध्ये कुरळी, किंचित कडवट पाने, परतलेल्या डुकराच्या मांसाचे गरम तुकडे, तळलेल्या पावाचे चौकोन आणि वर पाण्यात उकडलेले सोललेले अंडे होते. अंडे सुरीने फोडले की पिवळा बलक पानांवर उतरतो, व्हिनेगरमध्ये मिसळतो आणि तोच त्या सॅलडचा रस्सा होतो. ताईच्या मसुरांत मोहरीचा तिखटपणा आणि बारीक चिरलेला लहान कांदा होता. तिने दोन घास खाऊन चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, “अरे, मसूर शिजलीय पण एकही दाणा फुटलेला नाही बघ.” मी पाहिले, खरोखर एकही फुटलेला नव्हता.

केनेलला पंचवीस मिनिटे लागतील, हे मालकीणबाईंनी आधीच सांगितले होते. पाइक माशाच्या मांसात बारीक काटे फार असतात, म्हणून ते वाटून चाळणीतून काढतात, त्यात लोणी, अंडी आणि पिठाचा शिजवलेला गोळा फेटून घालतात, लांबट आकार देऊन पाण्यात हलके उकळतात आणि शेवटी रश्शासकट भट्टीत ठेवतात. स्वयंपाकघराच्या दारातून मालकीणबाई दोन्ही हातांत जाड कापड घेऊन आल्या तेव्हा त्यांची चाल वेगाची होती. खोलगट मातीच्या भांड्यात केनेल कडेच्या वर फुगून आलेली, वरची साय तपकिरी, आणि कडेने नारिंगी रस्सा बुडबुडत होता. हा नांत्युआ सॉस, नांत्युआ या गावाच्या नावाचा, नदीतल्या लहान कोळंबीसारख्या एक्रव्हिसच्या लोण्याचा आणि क्रीमचा. मी चमचा लावला तसा फुगवटा हळूच श्वास सोडल्यासारखा खाली बसला. आतून ती ओलसर आणि इतकी हलकी होती की चावावे लागत नव्हते. माशाची चव आधी जाणवत नाही, घास गिळल्यावर मागून येते. ताईची साधी केनेल अळंब्यांच्या क्रीममध्ये होती. फ्रान्समध्ये शाकाहारी माणसाला बहुतेक वेळा मुख्य पदार्थातले काही काढून उरलेले देतात. इथे तिला त्याच भट्टीतून, त्याच तऱ्हेने, तेवढ्याच घाईने आलेला तिचा स्वतःचा पदार्थ मिळाला, याचे मला जेवणापेक्षाही अधिक समाधान वाटले.

रस्सा संपेना म्हणून मी पावाकडे पाहिले. शेजारच्या आजोबांनी स्वतःच्या पावाने ताटली पुसून दाखवली, म्हणजे परवानगी दिली. आम्ही दोघांनी भांडी लखलखीत केली.

आजोबांनीच भिंतीवरच्या जुन्या छायाचित्रांकडे बोट दाखवून ‘मेर’ची गोष्ट काढली. मेर म्हणजे आई. श्रीमंत घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी ती नोकरी सुटल्यावर स्वतःच्या खानावळी काढल्या आणि लोक त्यांना मेर अमुक, मेर तमुक म्हणू लागले. त्यांतली सर्वांत थोर युजेनी ब्राझिये. शेतकऱ्याच्या घरातली ही मुलगी मेर फिलियूच्या स्वयंपाकघरात शिकली, १९२१ साली तिने याच टेकडीच्या पायथ्याशी, र्यू रॉयालवर, स्वतःची खानावळ सुरू केली आणि १९३३ साली मिशलँ मार्गदर्शिकेने तिच्या या आणि दुसऱ्या अशा दोन्ही रेस्तराँना तीन-तीन तारे दिले. पुढे जगभर नाव झालेल्या शेफ पॉल बोक्यूजने तिच्याच हाताखाली उमेदवारी केली. दुसऱ्या दिवशी मी र्यू रॉयालवर जाऊन ते दार बाहेरून पाहून आलो. ल्योंमधल्या शेफच्या पुतळ्यांविषयी आणि भित्तिचित्रांविषयी प्रवासी पुष्कळ लिहितात. या बायकांविषयी त्याहून अधिक लिहिले जायला हवे, असे मला वाटते.

शेवटच्या पदार्थात चीज किंवा गोड असे निवडायचे होते. ताईने ‘सेर्व्हेल द कानू’ घेतले. नावाचा शब्दशः अर्थ विणकराचा मेंदू असा होतो आणि आत मेंदू अजिबात नसतो. ताज्या, आंबूस, दह्याच्या चक्क्यासारख्या चीजमध्ये चाइव्हची हिरवी पात, कांदा, लसूण, व्हिनेगर आणि तेल फेटलेले असते. मी गुलाबी प्रालीनची टार्ट मागितली. पण टार्ट आली नाही. मालकीणबाईंनी आधी चीजची वाटी दोघांच्या मधोमध ठेवली, ती संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग टार्ट दोन चमच्यांसह आणली. चीज गोडाच्या आधी, हा क्रम तिथे मोडत नाहीत. फ्रेंच जेवणाची ही सगळी रीत २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, तिच्यातही हाच क्रम आहे. साखरेच्या गुलाबी पाकात घोळवलेले बदाम कुटून क्रीममध्ये आटवतात आणि ते टार्टमध्ये ओततात. रंग भडक असतो, चव मात्र भाजलेल्या बदामाची आणि जरा जळक्या साखरेची होती. कॉफी त्याहीनंतर, वेगळी.

साडेनऊ झाले, दहा वाजत आले, तरी बिल आले नाही. न मागता बिल आणणे म्हणजे पाहुण्याला उठ म्हणणे, अशी तिथली समजूत आहे. जागा रात्रभर आपली असते. त्या टेबलावर आमच्यानंतर कोणी येणारच नव्हते. ताईने शेवटी मागितले. दोन जेवणे, एक पो, दोन कॉफी, सगळे मिळून ऐंशी युरो. पाटीवरच्या किमतीत कर आणि सेवा धरलेलीच असते, वर काही देणे बंधनकारक नाही. ताईने तरी दोन युरोची नाणी कपाखाली ठेवली आणि मालकीणबाईंना म्हणाली की तिच्यासाठी वेगळी भट्टी लावल्याबद्दल ती आभारी आहे. त्यांनी दुरुस्त केले, भट्टी तीच होती, फक्त भांडे वेगळे.

आजोबांचा निरोप घेऊन बाहेर पडलो. चढणीवर थंडी पडली होती आणि खाली नदीपलीकडे फूर्व्हिएर टेकडीवरची बॅसिलिका, म्हणजे मोठे चर्च, दिव्यांत दिसत होती. ताईने शाल सारखी करायला पायरीवर थांबून मागे पाहिले, म्हणून मीही पाहिले. अर्ध्या पडद्यावरून आत दिसत होते. संध्याकाळभर दाराआड राहिलेला स्वयंपाकी ॲप्रन न काढताच आमच्या टेबलाशी येऊन बसला होता, त्याच्यासमोर मसुरांची वाटी होती आणि मालकीणबाई उभ्यानेच त्याच्यासाठी पाव कापत होत्या.