‘वडिलांना’ची पहिली वेलांटी

बावीस वर्षं मी ग्रामसेवकाची नोकरी करतोय; २०२४ पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. मासिक सभेचं इतिवृत्त, ग्रामसभेचे ठराव, पंचायत समितीला जाणारी पत्रं. रोज काही ना काही लिहितोच. ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला’ हे वाक्य तर हात आपोआप लिहितो. त्यामुळे २०१९ साली आमचे वडील, नाना, गेले आणि तालुक्याच्या साप्ताहिकात त्यांच्यावर चार शब्द लिहायचं ठरलं, तेव्हा ते काम माझ्याकडेच आलं. एका बैठकीत लिहून दिलं.

तेराव्याला आत्यानं ते पुतण्याकडून वाचून घेतलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि मला म्हणाली, “ह्ये कुणावर लिवलंयस रं?”

रात्री कात्रण घेऊन बसलो. ‘त्यांच्या मार्गदर्शनाखाली शेतीमध्ये विविध प्रयोग राबविण्यात आले.’ नानांनी जन्मात कुणाला मार्गदर्शन केलं नाही. ते दिवस उजाडायच्या आत रानात असायचे. कोरेगाव तालुक्यातला आमचा वाघ्या घेवडा, त्याच्या दाण्यांवरचे पट्टे, मळणीच्या दिवसांत अंगणात उडणारी धूळ, यातलं काही म्हणजे काहीच त्या मजकुरात नव्हतं. आणि ‘वडीलांना’ हा शब्द दोनदा आला होता, दोन्ही वेळा दुसऱ्या वेलांटीनं. तो चुकीचा आहे हे मला आमच्या शाळेतल्या गुरुजींनी दाखवलं. ज्या माणसाला मी श्रद्धांजली वाहत होतो, त्याचंच नातं मला नीट लिहिता येत नव्हतं. ते मनाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. रोज अर्धं पान, नानांबद्दल, एकच गोष्ट. आजही तेवढंच लिहितो. पहाटे चहाच्या आधी, कारण दप्तर उघडलं की डोक्यात पुन्हा ‘उपरोक्त’ आणि ‘तदनंतर’ सुरू होतं.

पहिले दोन महिने वाईट गेले. ‘घेवड्याची मळणी करण्यात आली’ असंच उतरायचं. मग एक काम सुरू केलं: लिहून झालं की लाल पेनानं ‘करण्यात आले’, ‘राबविण्यात आले’, ‘होऊ शकले’ यांवर गोल काढायचा आणि समोर लिहायचं, कुणी केलं? एवढ्या एका प्रश्नानं वाक्य जागचं हलतं. नानांनी घेवडा बडवला. मग पुढचं सुचतं: कशानं बडवला, डोक्याला काय बांधलं होतं, शेंगा फुटल्याचा आवाज कुठवर यायचा. कर्ता परत आला की त्याच्यामागून सगळं घर येतं. ठरावात कर्ता लपवायची गरज असते, कारण तिथं सगळी सभा बोलत असते. आठवणीत ती गरज नाही.

शुद्धलेखनाचं म्हणाल, तर मी सगळे नियम एकदम पाठ करायला गेलो नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा नियम आहेत. ते छापून कपाटाच्या दाराला आतून लावलेत. पण घट्ट धरला तो एकच, माझ्या चुकीचा. शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दांत त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. प्रत्यय लागून सामान्यरूप झालं की तो ऱ्हस्व. वडील, वडिलांना. वकील, वकिलाला. फूल, फुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून ‘शरीराला’ दीर्घच राहतं. महिनाभर हे एवढंच तपासलं. मग पुढचा नियम.

शब्दांसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलं ते शिकागो विद्यापीठाचं कोशांचं संकेतस्थळ. मोल्सवर्थचा कोश, पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही तिथं फुकट शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत आहेत, पण त्यातले मराठी शब्द आमच्या रानातले आहेत. नानांच्या तोंडचा एखादा शब्द कोशात सापडला की मला जो आनंद होतो तो सांगता येत नाही. वाटतं, नाना बोलायचे त्याची नोंद कुणीतरी ठेवलीय. पिकांची, झाडांची माहिती पडताळायला वाईचा मराठी विश्वकोश आहे. तोही आता मोबाईलवर वाचता येतो.

वाचताना एक सवय लावलीय. गावच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात एखादा परिच्छेद आवडला, की तो वहीत हातानं उतरवतो. डोळ्यांनी वाचताना स्वल्पविराम दिसत नाही. हातानं लिहिताना तिथं पेन थांबतं, आणि लेखक का थांबला ते कळतं.

पण माझी खरी परीक्षक आई आहे. तिला आता वाचता येत नाही, नजर गेली. संध्याकाळी ती शेंगा सोलत बसते आणि मी अर्धं पान मोठ्यानं वाचतो. ती चांगलं-वाईट काही म्हणत नाही. तिचे हात थांबले की वाक्य लागलं. “म्हंजे?” म्हणाली की मी तिथं खूण करतो. वाचताना माझाच श्वास अडकला तर वाक्य तोडतो. पाच-सहा वर्षांत या ओसरीवर जेवढं शिकलो तेवढं कुठल्या शिबिरात शिकलो नसतो.

गेल्या आठवड्यात वाफशावर लिहिलं. पाऊस उघडल्यावर पेरणीजोगी जमीन झालीय का हे नाना कसं बघायचे, ते. बांधावरून आत जायचे, ढेकळाखालची माती मुठीत घेऊन दाबायचे. मग मूठ उघडून तो गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचे. तसाच राहिला तर अजून ओल जास्त आहे, थांबायचं. फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. तीन वेळा लिहून काढलं होतं, एकही ‘करण्यात’ उरला नव्हता.

आईला वाचून दाखवलं. ‘मुठीत’ शब्दाला तिचे हात थांबले.

“डाव्या मुठीत,” ती म्हणाली. “उजव्या हातात कासरा असायचा त्यांच्या.”

मी तिथं काकपद काढून वर लिहिलं: डाव्या.