दुपदरी फडकं

आमच्या बीटलला ऑइल फिल्टर नव्हता. नव्हता म्हणजे कुणी काढून टाकला होता असं नाही. फोक्सवागेनने तो दिलेलाच नव्हता. हे मला कळलं तोवर गाडी दारात येऊन चार महिने झाले होते आणि स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "1967 च्या बीटलचा फिल्टर आहे का?" असं मी दोनदा विचारून आलो होतो. दोन्ही वेळा दुकानदार "मागवून देतो" म्हणाला. भला माणूस.

शेवटी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मला गाडीखाली झोपवलं आणि बोटाने दाखवलं. इंजिनाच्या पोटाला बशीएवढी एक गोल पत्र्याची ताटली, तिला सहा नट. नट सोडवले की ताटलीमागून एक तारेची जाळी बाहेर येते. चहाच्या गाळणीची थोरली बहीणच म्हणा. पंप तेल ओढतो ते या जाळीतून. "ह्येवढंच," मिस्त्री म्हणाले. "खडा आला तर अडवंल. धूळ कशाला अडवंल ती?"

आमच्याकडे पावसाळ्यात पंचगंगेला गढूळ पाणी आलं की आई घागरीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं दुपदरी फडकं बांधायची. एकपदरी चालत नसे. सकाळी फडकं सोडलं की त्यावर तांबूस साय धरलेली असायची, आणि ती बघितल्याशिवाय मला शाळेला जाववत नसे. जाळी हातात घेतली तेव्हा मला ते फडकं आठवलं. इथे तर एकही पदर नव्हता.

फोक्सवागेनवाल्यांना अक्कल नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. फिल्टर जगात केव्हाच आला होता. अमेरिकेत 1923 मध्ये दोघांनी तो केला आणि ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांची मोडतोड करून त्याला ‘प्युरोलेटर’ असं नाव ठेवलं. पण बीटल ही मुळात 990 मार्कांत लोकांना द्यायची म्हणून आखलेली गाडी, त्यामुळे हिच्यात जास्तीचं काही नाही. रेडिएटर नाही, पाणी नाही. हवेवर थंड होणारं इंजिन आणि त्यात अवघं अडीच लिटर तेल. तेच वंगण घालणार, तेच उष्णता वाहून नेणार. त्यावर कंपनीचा उपाय साधा होता: पाच हजार किलोमीटरला तेल काढा, जाळी धुवा, नवं तेल घाला.

मी चार वर्षं हे इमानाने केलं. त्यातही एक गंमत होती. दर वेळी दोन कागदी पॅकिंग, सहा तांब्याचे वायसर, आणि नट आवळताना हात आखडता. ती ताटली पातळ आणि इंजिनाचं कवच मऊ मॅग्नेशियमचं. पहिल्याच वर्षी मी ‘थोडंसं अजून’ म्हणून पाना फिरवला आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो खिळा, आट्यांसकट हातात आला. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याहून आखूड पाना दिला.

फिल्टर बसवायचं ठरलं ते तेलाचा रंग बघून. हजार-बाराशे किलोमीटरलाच डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, काळी पडायला लागली. काळं होणं वाईट नाही, तेल आपलं काम करतंय एवढाच त्याचा अर्थ. पण दोन बोटांत चोळलं की त्यात काहीतरी चमकायचं. क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग, यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी. त्या फटीतून चमकणारं काही जाऊ नये, एवढं तर मलाही कळत होतं.

वाटा दोन होत्या. एक म्हणजे कवचाला भोक पाडायचं, आटे पाडायचे, पंपातून निघालेलं तेल नळीने बाहेर आणून फिल्टरमधून फिरवायचं आणि दुसऱ्या नळीने मुख्य वाहिनीत सोडायचं. पक्कं काम. पण ड्रिलचा कीस आत पडणार, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून धुवायला हवं. वर त्या नळ्या. एक जरी फुटली तरी अडीच लिटर तेल रस्त्यावर यायला किती वेळ लागतो! दुसरी वाट म्हणजे पंपच बदलायचा. नव्या पंपाच्या झाकणालाच फिल्टर फिरवून बसतो. तेल पंपातून फिल्टरमध्ये, तिथून परत पंपात आणि मग पूर्वीच्याच वाटेने इंजिनात. भोक नको, नळी नको. मी ही निवडली. शूर माणसं पहिली निवडतात.

पंप आला आणि बसेना. जुना पंप काढून मिस्त्रींनी भोकात बॅटरी मारली आणि हसले. गाडी 1967 ची, पण आतला कॅमशाफ्ट, म्हणजे पंपाला फिरवणारा दांडा, नंतरचा! त्याच्या गिअरला तीनऐवजी चार रिव्हेट, आणि चार रिव्हेटवाल्याला पंप वेगळा लागतो. मधल्या कुठल्यातरी मालकाने इंजिनाचं पोट बदललं होतं आणि कागदावर त्याची कुठेच नोंद नव्हती. पंप परत गेला, दुसरा यायला दीड महिना लागला, आणि तोवर गाडीखाली ठेवलेल्या ट्रेमध्ये आमच्या मांजराने संसार मांडला.

जुन्या गाड्यांचे सोवळे लोक म्हणतील, मूळ गाडीत नव्हतं ते कशाला घालता? त्यांना एवढंच सांगतो की मेक्सिकोत पुएब्लाला शेवटची बीटल 30 जुलै 2003 रोजी बाहेर पडली, आणि तिथल्या अखेरच्या, कार्ब्युरेटरऐवजी इंधन-इंजेक्शनवाल्या इंजिनांना कंपनीने स्वतःच फिल्टर दिला होता. कारखान्याला इतकी वर्षं लागली, मला चारच लागली.

फिल्टर आता मागच्या बंपरच्या आत, पुलीच्या खाली लपून बसलाय. गाडी सुरू केल्यावर तेलाचा दिवा पूर्वीपेक्षा क्षणभर उशिरा विझतो, आणि त्या क्षणात मी श्वास रोखतो. जाळी आहेच, ती धुणंही सुटलेलं नाही.

हजार किलोमीटर झाल्यावर पहिला फिल्टर काढला आणि मिस्त्रींना म्हटलं, कापून बघूया. मी करवत उचलली तर ओरडले, "करवतीनं नको, तिचाच कीस आत पडंल. मग कुणाचा कुठला कसा वळखणार?" त्यांनी पाइप कापायच्या कटरने डबा अलगद उघडला. आतला कागद घरी आणून अंगणात वर्तमानपत्रावर उलगडला. नेसायच्या आधी घालाव्यात तशा निऱ्या, एकीला एक चिकटलेल्या, आणि प्रत्येक घडीत काळपट चिखल. उन्हात धरलं की बारीक चंदेरी कण. वरून लोहचुंबक फिरवलं तर थोडे उठून आले, बाकीचे पडून राहिले. ते लोखंडाचे नव्हते.

आई चष्मा पुसत बघायला आली.

"हे सगळं आधी कुठं होतं रे?"

"आतच फिरत होतं."

ती वाकून पुन्हा एकदा निऱ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोरीवर फडकं वाळत घातलंय, त्याला हात पुसू नकोस."