क्रॉसकंट्रीनंतर नाकातून रक्त: एका घोड्याची केस

घोड्याने क्रॉसकंट्रीची, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांवरून पळायची, फेरी वेळेत पूर्ण केली. अंगाला थंडावा द्यायच्या जागी तो आला तेव्हा नाक कोरडं होतं. जीन उतरलं, पाण्याच्या चार-सहा बादल्या मानेवर आणि पुठ्ठ्यावर पडल्या, घोड्याने मान खाली सोडली आणि दोन्ही नाकपुड्यांतून रक्त ओघळायला लागलं. मोतद्दार कापसाचा मोठा बोळा घेऊन धावला. पशुवैद्य म्हणून मला आधी त्यालाच थांबवावं लागलं.

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. मिनिटाला नव्वद श्वास चाललेल्या जनावराची नाकपुडी बुजवली तर तो घाबरून उधळणारच. दुसरी चूक म्हणजे म्होरकी ओढून मान वर धरणं. मग रक्त मागे घशात जातं, घोडा ते गिळतो, खोकतो, थोडं परत श्वासनलिकेत उतरतं. बाहेरून मात्र 'थांबलं' असं वाटतं.

"मान खालीच राहू दे, दोरी सैल सोड," एवढंच सांगितलं. गर्दी मागे सारली, घोडा सावलीत घेतला. अंगावर पाणी ओतणं चालूच ठेवलं, फक्त नाकाकडे पाणी जाणार नाही हे पाहिलं. रक्त दिसलं की सगळे अंग थंड करायचं विसरतात, आणि अंगाचं तापमान तर 40.1 अंश सेल्सिअस होतं. नाडी 116. दहा मिनिटांनी ती 68 वर आली, ठोके नियमित होते. हे मुद्दाम छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर ऐकावं. ठोके अनियमित असतील तर हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली असू शकते, आणि रक्त येण्याचं मूळ तिथेही निघतं. हिरड्या गुलाबी, बोटाने दाबल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परत.

पांढऱ्या टॉवेलवरचं रक्त पाहून मालक हादरले होते. पाचशे किलोच्या घोड्यात साधारण चाळीस लिटर रक्त असतं. टॉवेलवर आणि गवतावर मिळून अर्धा लिटरही नसावं. धोका किती रक्त गेलं यात नव्हता, ते कुठून आलं यात होता.

श्रमानंतर दोन्ही नाकपुड्यांतून आलेलं रक्त बहुतेक वेळा नाकाचं नसतंच, फुप्फुसाचं असतं. भरधाव पळताना फुप्फुसाच्या धमनीतला दाब विश्रांतीच्या चौपट होऊन 100 मिलीमीटर पाऱ्याच्या पुढे जातो. केशवाहिनी आणि हवा यांच्यातला पडदा एका मायक्रोमीटरहूनही पातळ. आतून रक्ताचा रेटा, बाहेरून जोरात आत ओढलेल्या श्वासाची ओढ, यात तो पडदा फाटतो. सुरुवात बहुधा फुप्फुसाच्या मागच्या-वरच्या टोकाला होते. म्हणूनच घशात श्वास अडखळणाऱ्या, पळताना घोगरा आवाज काढणाऱ्या घोड्यात हा त्रास वाढू शकतो.

तरीही नाकातून दुर्बीण (एंडोस्कोप) घातल्याशिवाय निदान लिहायचं नाही. श्रमानंतर 30 ते 120 मिनिटांत ती घालावी. फार लवकर घातली तर खालचं रक्त वर आलेलं नसतं. आम्ही पन्नासाव्या मिनिटाला घातली. घशाशेजारच्या दोन्ही हवेच्या पिशव्या आधी पाहिल्या. तिथे बुरशी मोठ्या धमनीच्या भिंतीवर बसते, आणि तिचं रक्त घोडा ठाणावर निवांत उभा असतानाही येतं, बरेचदा एकाच नाकपुडीतून. एकदा थोडं येऊन थांबतं आणि काही दिवसांनी जीव घेतं. पिशव्या स्वच्छ होत्या. नाकाच्या मागच्या भागात रक्तगाठही नव्हती. श्वासनलिकेत मात्र अनेक धारा, भिंतीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग व्यापलेला, पण छातीच्या तोंडाशी डबकं साचलेलं नव्हतं. शून्य ते चारच्या मापावर तिसरी श्रेणी.

"डॉक्टर, ते लघवीचं इंजेक्शन देऊन टाका ना, उद्या उड्यांची फेरी आहे," मालक म्हणाले. ते इंजेक्शन म्हणजे फ्युरोसेमाइड. ते शर्यतीच्या चार तास आधी शिरेतून दिलं, पाचशे किलोला 250 ते 500 मिलिग्रॅम, तर फुप्फुसातला दाब उतरून स्राव कमी होतो. फाटलेली केशवाहिनी ते शिवत नाही. शिवाय एफईआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, स्पर्धेत ते चालत नाही. घोडा दुसऱ्या दिवशीच्या फेरीतून काढला.

मग स्वाराने सांगितलं, शेवटच्या तीन अडथळ्यांवर घोडा जड झाला होता, सारखं गिळत होता. मोतद्दाराने त्यात भर घातली: जोरात पळवून आणलं की ठाणाच्या भिंतीवर तपकिरी ठिपके दिसायचे. "शिंकताना माती उडते म्हणून पुसून टाकायचो." ते ठिपके मी जाऊन पाहिले. पेंढ्याच्या उंचीपासून माझ्या छातीपर्यंत, वाळून पापुद्रे सुटलेले. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर तांबूस उतरले.

तिसऱ्या दिवशी गुंगी देऊन 300 मिलीलिटर निर्जंतुक सलाईनने फुप्फुसाचा एक भाग धुतला. रक्तातलं लोह खाल्लेल्या भक्षकपेशी खच्चून भरलेल्या निघाल्या. या पेशी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे तीन दिवसांपूर्वीच्या रक्ताच्या त्या असूच शकत नव्हत्या. घोडा आधीपासून रक्त सांडत होता, नाकापर्यंत ते पहिल्यांदा आलं इतकंच. न्यूट्रोफिल, म्हणजे सूज असली की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 14 टक्के होत्या. श्वासमार्गाला सूजही होती.

सुजेचं कारण ठाणातच लटकत होतं. गवताची जाळी डोळ्यांच्या उंचीवर बांधलेली, गवत झटकलं की धूर निघावा तशी धूळ. जाळी काढली. गवत अर्धा तास भिजवून जमिनीवर ठेवलं. खाताना मान खाली राहिली की श्वासनलिकेतला मळही वाहून जातो. पेंढा बदलून कमी धुळीचं अंथरूण घातलं, आणि झाडलोट घोडा बाहेर असतानाच करायची असं ठरलं. ताप नव्हता, स्रावाला वास नव्हता, म्हणून प्रतिजैविक दिलं नाही. रक्त दिसलं की सवयीने पाच दिवसांचा कोर्स सुरू करण्यात मला अर्थ दिसत नाही.

तीन आठवडे फक्त हातात धरून चालवणं, पुढे दुडकी, मग हळू दौड. पहिली चौखूर दौड सातव्या आठवड्यात, नाकावर पट्टी लावून, कारण तिने नाकपुडीमागचा मऊ भाग आत ओढला जात नाही. तासाभराने दुर्बिणीत एक बारीक, आखूड धार दिसली. पहिली श्रेणी. मालकांना ती शून्य हवी होती. चौखूर पळणाऱ्या घोड्यात शून्याची हमी देता येत नाही, आणि मी ती दिली नाही. प्रत्येक जोरकस कामानंतर नाही, पण महिन्यातून एकदा दुर्बीण घालायचं ठरलं.

मोतद्दाराने ठाणाच्या भिंती आतून पांढऱ्या रंगवून घेतल्या आहेत. आता ठिपके पुसण्याआधी तो त्यांचा फोटो काढतो.