तळ्याकाठी सिलिकॉन खरवडताना

तळं छान होतं. त्याच्याबद्दल मला याहून जास्त लिहिता येणार नाही, कारण मुक्कामातला बहुतेक वेळ माझी पाठ तळ्याकडे आणि तोंड आमच्या कॅम्परव्हॅनच्या पत्र्याकडे होतं. सूर्यास्ताचे फोटो हवे असतील त्यांनी इथेच थांबावं. पुढे फक्त खिडकी आहे.

डोंगर उतरेपर्यंत पावसाने पाठ सोडली नव्हती. पलंगाला लागून असलेल्या खिडकीखाली, प्लायवुडच्या कोपऱ्यात, सकाळी हात लावला की ओल लागायची. बाबांचं मत ठाम होतं. "अगं, गळत नाहीये. आपल्याच श्वासाचं पाणी आहे ते. दोन माणसं रात्रभर बंद डब्यात झोपल्यावर दुसरं काय होणार?" त्यांचं अर्धं बरोबरही होतं. खिडकीची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, रात्री ती गार पडते आणि आतल्या दमट हवेचे थेंब तिच्यावर जमतात. त्यासाठी छताची झडप थोडी उघडी ठेवावी लागते, ती आम्ही ठेवत होतोच. शिवाय श्वासाचं पाणी सगळ्याच खिडक्यांवर जमतं, एकाच कोपऱ्याशी वैर धरत नाही.

माझी खात्री पटली ती कोपरा बदलला तेव्हा. उतारावर नाक खाली करून गाडी लावली की पुढचा कोपरा भिजायचा. तळ्याकाठी नाक वर होतं, तर मागचा भिजला. म्हणजे खिडकीखाली कुठेतरी पाणी साचत होतं आणि गाडी कलेल तिकडे वाहत होतं. मधे एक रात्र कोरडी गेली, तेव्हा फ्रेमवर थेंब होते पण प्लायवुड नव्याने भिजलं नाही. बाबा "बघू" म्हणाले आणि टॉर्च शोधायला गेले.

कॅम्पसाइटच्या नळाला लांब पाइप होता, हे आमचं नशीब. बाबा आत, खिडकीभोवती टिश्यूचे तुकडे चिकटवून टॉर्च घेऊन बसले. मी बाहेर. गळती शोधताना पाणी खालून वर मारत जायचं असतं. आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड आणि अगदी शेवटी छताची पन्हळ. वरूनच सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. धारही जोराची नको, कारण जोराच्या धारेपुढे धडधाकट खिडकीही गळते. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबायचं, पाण्याला आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढायला वेळ लागतो. खालची कड कोरडी राहिली. बाजू कोरड्या. वरच्या कडेवर पाणी सोडलं आणि बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "थांब! आलं!" आलं होतं ते खालच्याच कोपऱ्यात. वरून शिरून, फ्रेमच्या मागून उतरून, खाली येऊन बसलं होतं.

आता लोकांबद्दल. कॅम्पसाइटवर स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला की सभा भरते. मला मुळात गर्दीचा कंटाळा. मदत करणारे हात चालतात, पण खुर्ची आणून बसणारे प्रेक्षक नकोत. एकूण एक जणाचा सल्ला तोच: "बाहेरून सिलिकॉन मारा, संपला विषय." एका गृहस्थांनी तर फटी बुजवायच्या सिलिकॉनची स्वतःची नळी आणून माझ्या हातात दिली. पाहुणचार मनापासून होता, म्हणून आणखी अवघडल्यासारखं झालं. कारण सिलिकॉन तर आधीच मारलेलं होतं! गाडी आमच्याकडे यायच्या आधी कुणीतरी खिडकीच्या चारी बाजूंनी पांढरा जाड थर ओढून विषय संपवला होता. मळक्या रंगावर मारलेला तो थर वरच्या कडेला सुटला होता आणि नखाने उचलला जात होता. खाली मात्र घट्ट बसलेला. त्यामुळे पाण्याला वरून आत यायला फट मिळाली आणि खालून बाहेर पडायचा रस्ता बंद झाला. मग ते आत येणार नाही तर काय करणार?

खिडकी उघडणाऱ्या प्रकारची आहे, अ‍ॅक्रिलिकच्या दुहेरी तावदानाची. अशा खिडकीची बाहेरची फ्रेम आणि आतली फ्रेम मधल्या भिंतीला चिमट्यात धरतात. आतल्या फ्रेमची झाकणपट्टी काढून स्क्रू सोडवले की खिडकी अख्खी बाहेर ढकलता येते. बाहेर धरायला कुणीतरी हवं. खुर्चीवाल्यांपैकी दोघे उठले, त्यांचे आभार.

त्यानंतरचं काम म्हणजे खरवडणं. एवढं कंटाळवाणं काम मी प्रवासात कधी केलं नसेल. सिलिकॉन निघाल्यासारखं दिसतं, पण त्याचा तेलकट पापुद्रा राहतो आणि त्यावर काहीही धरत नाही. ना रंग, ना टेप, ना नवीन सिलिकॉन. पत्र्यावर ओरखडा पडला की तिथून गंज सुरू होतो, म्हणून धातूची पाती चालत नाही, प्लॅस्टिकचीच पट्टी लागते. तेवढ्यात ते सिलिकॉनवाले गृहस्थ थिनरची बाटली घेऊन हजर. बाबा एरवी कुणाचं मन मोडत नाहीत, पण त्यांनी बाटली खिडकीपासून चार हात लांब नेऊन ठेवली. थिनर किंवा स्पिरिट अ‍ॅक्रिलिकला लागलं की त्यात बारीक तडे जातात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. तावदानाला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस्स.

पत्रा उघडा पडल्यावर दिसलं की खिडकीसाठी भोक कापताना कापलेल्या कडेला प्रायमरच लावलेला नव्हता. सगळीकडे गंज. काही सिलिकॉन वाळताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतात, व्हिनेगरसारखा वास येतो ते. उघड्या पोलादाला तेही मानवत नाही. मागचं इन्सुलेशन पिळलं तर पाणी निघालं. ते काढून टाकलं, गंज चकचकीत धातू दिसेपर्यंत घासला, जस्ताचा प्रायमर लावला, वर रंग. तो वाळेपर्यंत भिंतीला खिडकीएवढं भगदाड आणि त्यावर प्लॅस्टिकचा कागद. रात्रभर तो फडफडत होता. बाबा गाढ झोपले. मी डास मोजले.

बसवताना वापरली ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी मऊ, चिकट पट्टी. पॉलियुरेथेनचा गोंद थेट चिकटवलेल्या काचेसाठी उत्तम, पण इथे नको होता. तो इतका पक्का धरतो की पुढे खिडकी काढायची तर कापून काढावी लागेल, आणि तसले बरेच गोंद अ‍ॅक्रिलिकला चालत नाहीत. ब्युटाइल कधी पूर्ण कडक होत नाही. अ‍ॅल्युमिनियम उन्हात पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे फ्रेम आणि पत्रा यांची ओढाताण रोजची. ती सहन करायला मधे मऊच काहीतरी लागतं. टेप फ्रेमच्या आतल्या कडेला न ताणता लावायची, कोपऱ्यात फट सोडायची नाही आणि दोन टोकांचा सांधा खालच्या बाजूला घ्यायचा, वर कधीच नाही. स्क्रू चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचे. चारी बाजूंनी काळी कड सारखी बाहेर डोकावली की दाब नीट बसला म्हणायचं. त्या दिवशी गारठ्याने टेप कडक झाली होती, म्हणून बाबांनी ती आधी खिशात घालून ऊबेत ठेवली होती. ही अक्कल पूर्ण त्यांची. दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा थोडे फिरले, कारण मधल्या वेळात टेप दबते. बाहेर आलेली कड मग प्लॅस्टिकच्या पट्टीने कापून टाकली. वरून कसलाही थर मारला नाही, याचं प्रेक्षकांना फार वाईट वाटलं.

पाइपची परीक्षा पुन्हा घेतली, खालून वर. टिश्यू कोरडे. परतीचा रस्ता लांबचा होता, बराचसा पावसातच गेला.

आतलं पॅनेल मात्र मी अजून बसवू देत नाही. लाकडाच्या पट्ट्यांत ओल शिल्लक असताना ते बंद केलं तर मागे बुरशी धरणार. बाबांना तो उघडा पत्रा बघवत नाही. त्यांनी त्यावर टॉवेल टांगलाय, मी तो रोज काढते, आणि रोज संध्याकाळी तो परत तिथेच असतो.