उद्या येऊ नका, हे कुणी सांगायचं?

आमच्या ऑफिसच्या हिवाळी आपत्ती आराखड्याची पहिली आवृत्ती चाळीस पानांची होती आणि त्यातली बारा पानं एकट्या जनरेटरवर खर्ची पडली होती. ती मीच लिहिली होती, त्यामुळे तिला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा. जनरेटर किती केव्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा, भार किती, टाकी किती लिटरची, सगळं चोख. आणि ऑफिस बंद कधी ठेवायचं याबद्दल एकच ओळ: ‘परिस्थिती पाहून व्यवस्थापन योग्य तो निर्णय घेईल.’

ही ओळ तुमच्याही आराखड्यात असेल. शोधून बघा.

मी प्रशासन आणि इमारतीची देखभाल बघते. दोनशे दहा माणसं, तीन मजले. त्या वर्षी आदल्या संध्याकाळी अंदाज आला होता की दुपारपासून जोरदार बर्फ आणि वारा. सकाळी उठले तर रस्ता कोरडा. साहेबांना फोन केला, ते म्हणाले, “बघू या दुपारपर्यंत.” सगळे आले. साडेअकराला बर्फ सुरू झाला. एक वाजता मी पुन्हा विचारलं, उत्तर तेच. अडीचला एकदम सगळ्यांना सुट्टी दिली, म्हणजे दोनशे माणसं एकाच वेळी पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचा खरवडत उभी. तोवर आजूबाजूच्या सगळ्या ऑफिसांनाही नेमकं तेव्हाच शहाणपण सुचलेलं. संध्याकाळी सहापर्यंत आमची एकोणीस माणसं चालत परत आली, गाड्या रस्त्यातच सोडून. ती रात्र आम्ही सभागृहात खुर्च्यांच्या गाद्या जमिनीवर टाकून काढली. एकाची मधुमेहाची औषधं घरी राहिली होती. त्या रात्री मी दर तासाला उठून त्याला बघून येत होते.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं, ही चूक आमची एकट्याची नाही, फार जुनी आहे. ६ फेब्रुवारी १९७८ ला अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये हेच झालं. बर्फ पहाटे येणार म्हणत होते, पहाटे आला नाही, लोक निश्चिंत कामावर गेले. मग आला तो असा, की शहराभोवतीच्या रूट १२८ वर तीन हजारांवर मोटारी आणि सुमारे पाचशे ट्रक अडकून पडले. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात तर बर्फ जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर. पण शाळा, सरकारी कचेऱ्या आणि खासगी ऑफिसं दुपारी एकदमच सुटली, सगळे रस्त्यावर आले आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्यांना पुढे सरकायला जागाच उरली नाही. माणसांनी गाड्यांत रात्र काढली, मुलांनी शाळांत. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत वाहनबंदी सकाळी साडेनऊपासून लागू झाली, आणि ती जाहीर होणं आणि लागू होणं यांत तासाचंही अंतर नव्हतं. कामावर जाणारे तोवर पोचलेले किंवा वाटेत होते. पुढे सुमारे सदतीस तास समोरचं दिसत नव्हतं, बचावाच्या गाड्याही अडकल्या, आणि त्या वादळात चाळीसहून जास्त माणसं गेली.

अटलांटाचं उदाहरण मी साहेबांपुढे ठेवलं ते मुद्दाम. किती बर्फ पडला यावर ते हटून बसले असते. सगळे एकदम बाहेर पडले यावर काही बोलता येईना.

आता आमचा नियम असा: निर्णय आदल्या रात्री आठ वाजता. सकाळी नाही, ‘बघू या’ नाही. निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं आहे, तो नसेल तर दुसरं, तीही नसेल तर तिसरं. आणि त्याखाली एक वाक्य, ज्यावर संचालकांची सही आहे: ‘ऑफिस बंद ठेवलं आणि बर्फ पडलाच नाही, तर त्याबद्दल निर्णय घेणाऱ्याला जाब विचारला जाणार नाही.’ नवीन जनरेटर एका बैठकीत मंजूर झाला होता. या एका वाक्याला पाच महिने लागले.

आणि भर दिवसा सोडायची वेळ आलीच तर मजल्यांप्रमाणे सोडायचं, अर्ध्या अर्ध्या तासाने, लांब राहणारे आधी. रस्ते बंद झाल्याची घोषणा झाली असेल तर सोडायचंच नाही. त्यासाठी पांघरुणं, पाणी, कोरडं खाणं आणि टॉर्च दोन कपाटांत आहेत. औषधं प्रत्येकाने आपापल्या खणात एका दिवसाची जादा ठेवायची.

मग ‘अत्यावश्यक कर्मचारी’. हा शब्द ऐकला की माझ्या कपाळावर आठी येते. मी विभागप्रमुखांकडून याद्या मागवल्या तर एकूण त्रेसष्ट नावं आली. म्हणजे आमच्यातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस अत्यावश्यक! कारण उघड आहे. आपल्या विभागात कुणीच अत्यावश्यक नाही असं लिहून द्यायला कोण धजावेल? अत्यावश्यक असणं म्हणजे मान झाला होता, त्याचा अर्थ घसरड्या रस्त्यावरून गाडी घालणं असा आहे, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

मी याद्या परत केल्या आणि प्रश्न बदलला. कोण हवं ते नका सांगू. कुठलं काम एक दिवस थांबलं तर काय बिघडेल, दोन दिवस थांबलं तर काय, चार दिवस थांबलं तर काय, तेवढं लिहा. या धंद्यातले लोक याला जड नावं देतात, संकटातही काम चालू ठेवण्याचं आयएसओ २२३०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, पण मुळात प्रश्न एवढाच. उत्तरं आली ती गमतीची होती. ज्यांना आम्ही कणा समजत होतो त्या विक्री विभागाचं चार दिवसांत काहीच बिघडत नव्हतं. पगाराचं काम मात्र महिन्यातल्या दोन ठरावीक दिवशी अडलं तर दोनशे घरांत बोंब. ते काम करणारी बाई एकटी, तिचा संगणक टेबलावरचा, घरी नेता न येणारा. तिला लॅपटॉप दिला, दुसऱ्या एकाला तिचं काम शिकवलं, आणि बँकेची मंजुरी देणारी दोन माणसं शहराच्या दोन टोकांना राहणारी निवडली. त्रेसष्टाची यादी चारवर आली. चारही देखभाल आणि सुरक्षेतले. बाकी सगळं घरून होतं, किंवा थांबलं तरी चालतं.

घरून काम करायचं तर सगळ्यांनी एकदम करून बघायला हवं. आम्ही ऑक्टोबरमधल्या एका स्वच्छ दिवशी मुद्दाम सगळ्यांना घरी बसवलं. घरून ऑफिसच्या यंत्रणेत शिरायला व्हीपीएन नावाची जोडणी लागते, तिची परवानगी ऐंशी जणांचीच निघाली. हे बर्फात कळण्यापेक्षा बरं.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, ती. पहिल्यांदा आम्ही आदल्या रात्री निर्णय घेऊन ऑफिस बंद ठेवलं, तेव्हा सकाळी सुरक्षारक्षकाचा फोन आला की सफाईच्या दोघीजणी दारात उभ्या आहेत. चालत आल्या होत्या, तासभर, तोंडावर वारा घेत. त्यांना निरोप पोचला नव्हता असं नाही. निरोप मिळाला होता. पण त्या कंत्राटदाराकडच्या, रोजावर. ऑफिस बंद म्हणजे रोज बुडाला, आणि आल्या म्हणजे कदाचित हजेरी लागेल, एवढा साधा हिशेब त्यांनी केला होता. आमच्या त्या चाळीस पानांत ‘कर्मचाऱ्यांची सुरक्षितता सर्वोच्च’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, पण कर्मचारी म्हणजे कोण, याच्या व्याख्येत या दोघी बसतच नव्हत्या. पुढच्या कंत्राटात आम्ही कलम घातलं: आमच्या निर्णयाने इमारत बंद राहिली तर त्या दिवसाचा रोज आम्ही देऊ आणि तो कामगारापर्यंत पोचल्याचा पुरावा कंत्राटदाराने द्यायचा. वित्त विभागाने कुरकुर केली. मी म्हटलं, त्या दोघींपैकी एक वाटेत पडली असती तर तुम्ही कुठल्या खात्यात दाखवलं असतं? मग कुरकुर थांबली.

इमारतीची गोष्ट वेगळीच. माणसं घरी पाठवली की इमारत सुरक्षित, असं मी धरून चालले होते. आमच्या तापमान यंत्रणेत मात्र ‘सुट्टी’ नावाची सोय आहे, वीज वाचवायला. ऑफिस बंद म्हटलं की कुणीतरी इमानदारीत ती चालू करतो आणि आतलं तापमान खाली येतं. बाहेर उणे चौदा. तिसऱ्या मजल्यावर उत्तरेच्या भिंतीतली नळी गोठली आणि चिरली. गंमत अशी की चिरली तेव्हा काहीच दिसलं नाही, कारण आतला बर्फच बूच होऊन बसला होता. दोन दिवसांनी ऊब परतली, बर्फ वितळला आणि पाणी सुटलं. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेले गृहस्थ चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. त्यांना फोन लावला, ते झोपेतून उठून म्हणाले, “तळघरात, जुन्या फायलींच्या मागे.” फायली हलवायला वीस मिनिटं गेली. आता तिथे एकही फाईल नाही, भिंतीवर लाल बाण आहे, आणि दर नोव्हेंबरला तो व्हॉल्व्ह आम्ही तीन वेगवेगळ्या माणसांकडून बंद-चालू करून घेतो. बंद काळातही आतलं तापमान तेरा अंशांच्या खाली उतरू द्यायचं नाही, आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या नळांना बारीक धार सोडून ठेवायची.

आणि तो बारा पानांचा जनरेटर! तो सुरू झाला, वीस मिनिटं चालला आणि खोकत खोकत बंद पडला. यंत्राचा दोष नव्हता. टाकीतलं डिझेल उन्हाळ्यात भरलेलं होतं. पारा शून्याच्या बराच खाली गेला की साध्या डिझेलमधल्या मेणाचे कण बनायला लागतात आणि आधी फिल्टर चोंदतो. थंडीसाठीचं डिझेल वेगळं येतं, ते थंडी यायच्या आधी भरायचं असतं. हे पुरवठादाराला माहीत होतं. आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. दुसरं, कुणीतरी सुचवलं की छोटा जनरेटर आणून सामान उतरवायच्या शेडमध्ये लावू, बर्फापासून आडोसा मिळेल. तिथे मी पहिल्यांदा आवाज चढवला. जनरेटरच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब, उघड्यावर, नाहीतर अंधारात बसू.

किती दिवसांची तयारी करायची, यावर आमच्यात बरेच वाद झाले. बहुतेकांच्या डोक्यात काही तासांचा हिशेब असतो. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातल्या क्युबेक आणि आजूबाजूच्या भागात गोठणारा पाऊस पाच-सहा दिवस पडत राहिला, बर्फाच्या वजनाने वीजवाहिन्यांचे हजाराहून जास्त पोलादी मनोरे कोसळले आणि काही घरांत महिनाभर वीज नव्हती. तेवढी तयारी कुठलंच ऑफिस करू शकत नाही, आणि करूही नये. आमच्या आराखड्यात म्हणून एक पायरी आहे: बहात्तर तासांनंतर इमारत वाचवायची, काम वाचवायचं नाही. पाणी बंद करायचं, नळ्या रिकाम्या करायच्या, कुलूप लावायचं.

टेक्सासचं प्रकरण मात्र मी प्रत्येक बैठकीत काढते, लोक कंटाळले आहेत. १५ फेब्रुवारी २०२१ ला तिथे मागणी सांभाळायला वीज तोडावी लागली, पंचेचाळीस लाखांवर घरं आणि व्यवसाय अंधारात गेले, सगळं ग्रिड, म्हणजे राज्याचं वीजजाळं, कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती. या तोडातोडीत वीजकेंद्रांना गॅस पुरवणाऱ्या काही ठिकाणांचीच वीज तोडली गेली. गॅस नाही म्हणून वीज कमी, वीज नाही म्हणून गॅस कमी. त्यातल्या अनेकांनी ‘आमची वीज तोडू नका’ असं सांगणारा अर्जच भरलेला नव्हता. एक अर्ज! हे वाचल्यावर मी आमच्या टेलिफोन कंपनीपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला: रस्ते बंद असताना तुम्ही आमच्यापर्यंत कसे पोचणार? सातांपैकी दोघांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाने लिहिलं, ‘पोचणार नाही.’ त्याचं कंत्राट मी वाढवलं.

परवाची गोष्ट. मी प्रवासात होते, त्यामुळे निर्णय यादीतल्या दुसऱ्या नावाकडे गेला. ती वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, नोकरीला दीड वर्ष. आठ वाजता तिचा संदेश आला: उद्या बंद. साडेदहाला अंदाज बदलला, वादळ उत्तरेला सरकलं. मी फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं, आणि फोन पुन्हा पालथा ठेवला. सकाळी लख्ख ऊन. गटावर उन्हाचे फोटो आणि चिमटे यायला लागले. नऊ वाजता संचालकांचा संदेश आला, “घरी ऊन खा.” मग फोटो थांबले. तिने मला फक्त एवढंच विचारलं, “सफाईच्या दोघींचा आजचा रोज कुठल्या खात्यातून द्यायचा?”