कांगेरलुस्सुआकमधले १९ दिवस, ७ उड्डाणं आणि एक सैल कनेक्टर

एप्रिलमध्ये ग्रीनलंडला जाऊन आलो. बर्फाची जाडी आणि आतलं तापमान विमानातून मायक्रोवेव्हने मोजायचं काम होतं. १९ दिवस राहिलो, त्यात उड्डाणं फक्त ७ झाली, हे आधीच सांगतो कारण पहिल्यांदा जाणारा १९ दिवस म्हणजे किमान १५ उड्डाणं असा हिशेब मनात धरून येतो आणि चौथ्या दिवशी खिडकीशी बसून ढग मोजायला लागतो. वाट बघणं हाच अर्धा जॉब आहे, तयारीने जा.

आधी कागदपत्रं. ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात आहे पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) नाही, त्यामुळे आपल्यासारख्या व्हिसा लागणाऱ्यांना नुसता शेंगेन व्हिसा चालत नाही, त्यावर ग्रीनलंडसाठी वैध असल्याचा उल्लेख वेगळा लागतो. अर्ज करतानाच तसं सांगा. आमच्यातल्या एकाच्या हे शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं, पुढची पळापळ विचारू नका.

कांगेरलुस्सुआक म्हणजे १९४१ मध्ये अमेरिकेने बांधलेला विमानतळ आणि त्याच्याभोवती वसलेलं छोटंसं गाव. धावपट्टी जवळपास २.८ किलोमीटर. तिथून बर्फाच्या कडेपर्यंत चक्क रस्ता जातो, तो फोक्सवॅगनने गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलेला! वाटेत कस्तुरी बैल दिसतात, लांबूनच बघा.

आता मशीन. पंखाखाली रडारचे अँटेना, मध्य फ्रिक्वेन्सी १९५ मेगाहर्ट्झ, आणि पोटाखाली ०.५ ते २ गिगाहर्ट्झवर ऐकणारा रेडिओमीटर. रडार हाक मारतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं. बर्फात रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात साधारण १६८ मीटर जाते, म्हणजे ३ किलोमीटर खालच्या खडकावरून हाक परत यायला जेमतेम ३६ मायक्रोसेकंद. रेडिओमीटर मात्र स्वतः काहीच बोलत नाही, बर्फ त्याच्या तापमानामुळे जे अतिशय क्षीण मायक्रोवेव्ह सोडत असतो तेवढं ऐकतो, आणि फ्रिक्वेन्सी जितकी खालची तितकं जास्त खोलवरून ऐकू येतं, म्हणून एकाच वेळी इतक्या फ्रिक्वेन्सी ऐकल्या की खोलीनुसार तापमान काढता येतं. तळाशी बर्फ वितळलाय का, घसरतोय का, हे त्यावरून कळू शकतं.

बर्फातून रेडिओ आरपार जातो हे माणसाला विमानांच्या अल्टीमीटरमुळे, म्हणजे रेडिओ लहरीने उंची मोजणाऱ्या यंत्रांमुळे, नीट कळलं. बर्फावरून उडताना ते उंची चुकीची दाखवायचे, कारण लहर पृष्ठभागावर न थांबता आत घुसायची. १९५० च्या दशकात अमेरिकन लष्करासाठी काम करणाऱ्या एमोरी वेट यांनी ते दाखवून दिलं. पायलटची डोकेदुखी ती आमची रोजीरोटी.

आता तो कनेक्टर. दुसऱ्या उड्डाणात ४० मिनिटांनी पंखाखालच्या रडार अँटेनाच्या एका चॅनलचा सिग्नल हळूहळू पडायला लागला, बंद नाही झाला, नुसता पडत गेला, आणि हेच वाईट कारण बंद झाला असता तर लगेच कळलं असतं. उतरल्यावर सापडलं काय तर एक एसएमए कनेक्टर (अँटेनाची केबल जोडणारा छोटा, नट फिरवून बसवायचा जोड) हाताने घट्ट करून सोडलेला. हँगरमध्ये तो घट्टच वाटत होता, वर थंडीत धातू आकसला आणि इंजिनच्या थरथरीने उरलेलं काम केलं. आणि तो मीच लावला होता. तेव्हा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) वापरा, क्लिक आवाज येईपर्यंत, आणि नट आणि बॉडीवर मिळून पेंट पेनने एक आडवी रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटते, टॉर्च मारली की दहा सेकंदात सगळे कनेक्टर तपासून होतात. बॉसने हे आधी सांगितलं होतं, मी हो हो म्हणालो होतो.

दुसरी कटकट बाहेरच्या आवाजाची. रेडिओमीटरला विमानातला प्रत्येक फोन म्हणजे कानाशी वाजणारा भोंगा. तिसऱ्या उड्डाणात ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास अधूनमधून काटे उगवत होते, तासभर आम्ही रिसिव्हरला शिव्या दिल्या, शेवटी एकाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात फोन निघाला, नेटवर्क शोधत बसलेला. एअरप्लेन मोड नाही, पूर्ण बंद करा, आणि चढण्याआधी सगळ्यांचे फोन एका डब्यात गोळा करा, लाजू नका. विमानाची ओळख कळवणारा ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झला बोलतो आणि इरिडियम उपग्रहांमार्फत विमान कुठे आहे ते कळवणारा ट्रॅकर १६१६ च्या वर, हे दोन्ही सुरक्षेचे, बंद करता येत नाहीत, डेटातला तेवढा भाग नंतर कापायचा.

रेडिओमीटरच्या कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्याचे आकडे बरोबर आहेत का ते ताडून बघण्यासाठी, प्रत्येक उड्डाणात थोडा वेळ मोकळ्या समुद्रावर जा. पश्चिम किनाऱ्यावरच्या सिसिमिउत गावाच्या दक्षिणेला किनाऱ्याजवळचं पाणी हिवाळ्यातही गोठत नाही आणि १.४ गिगाहर्ट्झला समुद्र साधारण १०० केल्विनइतकाच 'उजळ' दिसतो, बर्फ त्याच्या दुपटीच्या आसपास. ही दोन टोकं हाताशी असली की बाकी आकड्यांवर भरवसा ठेवता येतो. इंधन कमी पडतंय म्हणून पायलट हा तुकडा वगळायला सांगेल, तेव्हा लाइन (मोजणी करत सरळ उडायचा मार्ग) छोटी करा पण समुद्र सोडू नका.

इलुलिसात गावाजवळच्या सेर्मेक कुयाल्लेक या हिमनदीवर मात्र रडारने नाकात दम आणला. भेगाच भेगा, बाजूने इतके प्रतिध्वनी येतात की तळ त्या गर्दीत हरवतो. तिथे एकाच लाइनवर विसंबू नका, आडव्या लाइन्स ठेवा, छेदतात तिथे दोन्ही जाडी जुळते का बघा. वळताना रेकॉर्डिंग चालू ठेवलं तरी तो डेटा धरू नका, पंख कलला की अँटेनाची नजरही कलते. आतल्या पठारावर उलट मजा आहे, स्क्रीनवर जुन्या हिमवर्षावांचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसत जातात आणि माणूस कॉफी विसरतो (आमच्या विमानात टॉयलेट नव्हतं, तेव्हा कॉफी विसरलेलीच बरी).

घड्याळं सगळी यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच असणाऱ्या प्रमाणवेळेवर. ग्रीनलंडने २०२३ मध्ये आपली वेळ बदलली, आमच्या जुन्या लॅपटॉपला ते माहीतच नव्हतं, आणि जीपीएस आणि रेडिओमीटरच्या फाइल्स एका तासाने चुकल्या. सापडायला दीड दिवस गेला.

थंडगार पडलेला बॉक्स उबदार हँगरमध्ये सरळ उघडू नका, आत दव धरतं. बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणा, रात्रभर तसाच ठेवा, सकाळी उघडा. बॅटऱ्या खिशात, अंगाच्या उबेत. हातमोजे पातळ आणि जाड असे दोन, कारण कनेक्टर जाड मोज्यांत फिरत नाही.

आणि डिस्क. रोज रात्री दोन कॉप्या, परत येताना दोन वेगवेगळ्या माणसांच्या हँडबॅगेत, शक्यतो वेगवेगळ्या फ्लाइटने. चेक-इन बॅगेत एकही नाही.