तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या तीन खोल्यांची वेबसाइट

"वेबसाइट करूक किती पैसे लागले गो?"

गेल्या दोन-तीन वर्षांत मालवणजवळच्या आमच्या देवबागात हा प्रश्न मला बाजारात विचारला गेलाय, बचत गटाच्या बैठकीत विचारला गेलाय, एकदा तर एका बारशाला पाळण्याच्या दोरीला हात लावलेला असताना विचारला गेलाय. आमच्या तीन खोल्या आहेत, घराच्या मागच्या अंगाला, माडांच्या बागेत. निवास-न्याहारी योजनेत नोंदवलेल्या. जेवण घरचं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचा गाव, आणि जवळजवळ प्रत्येक घरात पाहुणे उतरवायची सोय. त्यामुळे विचारणारीला नुसतं कुतूहल नसतं, तिचा मे महिना त्यावर अवलंबून असतो. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

पैशांचं आधी. पहिल्या वर्षाचा खर्च आठशे रुपयांच्या आत. तो जवळजवळ सगळा नावाचा, म्हणजे शेवटी डॉट इन असलेल्या पत्त्याचा. साइट जिथे ठेवली आहे तिथे भाडं नाही. दरवर्षी नावाचं नूतनीकरण करायचं. ते पहिल्या वर्षापेक्षा महाग पडतं, कारण पहिल्या वर्षी सवलत देतात. घेतानाच पुढच्या वर्षांचा दर वाचून ठेवा.

पण ही आमची दुसरी वेबसाइट. पहिलीला अठरा हजार मोजले होते, आणि ती आज कुठेच नाही.

२०१९ मध्ये एका ओळखीच्या माणसाकडून ती करून घेतली. पाच पानं, आपोआप सरकणारे फोटो, आणि सगळ्यात वर एक सूर्यास्त, जो आमच्या किनाऱ्यावरचा नव्हताच. दोन वर्षं चालली. २०२१ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, एका पाहुण्याने फोन करून सांगितलं की तुमचं पान उघडत नाही. साइटचं नाव त्या माणसाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. मुदत संपली तेव्हा आठवणीचे निरोप त्याला गेले, आणि त्याचा नंबर तोवर बंद झाला होता. आम्ही काहीच करू शकलो नाही, कारण कागदोपत्री ते नाव आमचं नव्हतंच. रस्त्यावरच्या आमच्या पाटीवर तो पत्ता रंगवलेला होता. यजमानांनी शिडी लावून त्यावर पांढरा रंग मारला. आता पाटीवर नवा पत्ता आहे, पण त्याच्या मागचा तो पांढरा चौकोन अजून ओळखू येतो.

म्हणून कोणीही विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते: साइट कोणाकडूनही करून घ्या, पण नाव स्वतःच्या हाताने विकत घ्या. ईमेल तुमचा, मोबाइल तुमचा, पैसे तुमच्या खात्यातून. आमच्या नावाची पावती आणि पासवर्ड सातबाऱ्याच्या फाइलीत आहे. नूतनीकरणाची तारीख दर जानेवारीत नव्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिते, गॅसच्या नोंदीशेजारी.

नाव कसं निवडायचं? फोनवर सांगून बघा. मी माझ्या मावशीला सावंतवाडीला फोन लावला, नाव एकदाच उच्चारलं आणि म्हटलं, आता टाइप कर. पहिली दोन नावं तिने चुकीची लिहिली, तिसरं बरोबर. तेच घेतलं. शेवटी डॉट भारत असलेला देवनागरी पत्ताही मिळतो, मला तो मनापासून आवडतो. पण आमचे निम्मे पाहुणे इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात, म्हणून सध्या नाही.

आता मुख्य गोष्ट. दुसरी साइट करायची ठरली तेव्हा भाचा लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, मामी, काय लिहायचं ते दे. मी लिहायला बसले, "निसर्गाच्या सान्निध्यात", आणि तिथेच अडले. हे वाक्य तारकर्ली ते देवबाग प्रत्येक घराला लागू आहे. पाहुण्याला त्यातून काय कळणार? भाच्याला म्हटलं, महिनाभराने ये.

त्या महिन्यात फोनच्या शेजारी एक शंभर पानी वही ठेवली. ज्याने कोणी फोन केला, त्याने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून काढायचा, इतकंच. सासूबाईंनी घेतलेले फोनसुद्धा. महिनाअखेरीस वाचायला बसलो. सगळ्यात जास्त वेळा काय आलं असेल? "कमोड आहे का?" त्याखालोखाल "समुद्र किती लांब?" मग गाडी दारापर्यंत येते का, एसी कुठल्या खोलीला, आईचे गुडघे दुखतात तर पायऱ्या किती, ड्रायव्हर कुठे झोपणार, सोमवारी मासे मिळतील का, आमच्यात दोघं शाकाहारी आहेत त्यांचं काय, एकाच रात्रीसाठी देता का. कोल्हापूरकरांचा एक ठरलेला: फोंडा घाटाने यायचं की गगनबावड्याने? पहिल्या साइटच्या पाच पानांत यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. अठरा हजार रुपयांत आम्ही सूर्यास्त विकत घेतला होता, आणि पाहुण्याला न्हाणीघर बघायचं होतं.

आमची आजची साइट म्हणजे ती वही. एकच लांब पान. वर घराचा फोटो, त्याखाली "देवबाग, मालवण येथे घरगुती राहण्याची आणि जेवणाची सोय", मग दर, मग वहीतले प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं, मराठीत आणि खाली इंग्रजीत. तिन्ही खोल्यांना कमोड आहे, आणि त्याचा फोटो आहे. पायऱ्या दोन आहेत, कठडा नाही. ड्रायव्हरला पडवीत खाट, पंखा आणि मच्छरदाणी, पैसे नाहीत.

समुद्राच्या उत्तरावरून मात्र घरात वाद झाला. आमच्या खोल्यांतून समुद्र दिसत नाही. मध्ये माड आहेत आणि दुसऱ्यांची वाडी आहे. यजमानांचं म्हणणं, "समुद्राजवळ" एवढंच लिही, ते खोटं नाही. मी लिहिलं: "खोलीतून समुद्र दिसत नाही, रात्री ऐकू येतो. वाळूच्या पायवाटेने चालत चार मिनिटं. चाकाची खुर्ची त्या वाटेने जात नाही." दुसरं वाक्य पाण्याचं: "आंघोळीचं पाणी विहिरीचं आहे, एप्रिल-मेमध्ये किंचित मचूळ लागतं. पिण्याचं पाणी वेगळं देतो." पाहुणे तुटतील अशी भीती होती. काही नक्कीच तुटले असतील. पण जे येतात ते ओटीवर पाय ठेवताना तोंड पाडत नाहीत. पूर्वी मे महिन्यात आठवड्याला एक तरी कुटुंब "सी व्ह्यू कुठाय?" म्हणून हिरमुसायचं. ती लहान मुलं, प्रवासाने दमलेली, आणि आईवडील दारातच नाराज. तो क्षण मला फार लागायचा. गेले दोन हंगाम तो आलेला नाही.

दरही उघड लिहिले आहेत. आमच्याकडे दर लिहायची पद्धत नाही, फोन आला की माणूस बघून सांगायचा. मला ते कधीच पटलं नाही. साधे दिवस, शनिवार-रविवार, आणि दिवाळी-नाताळ-मे, असे तीन दर, शेजारी थाळ्यांचे. सुरमई-पापलेटच्या थाळीपुढे मात्र "त्या दिवशीच्या बाजारभावाने", कारण मालवणच्या लिलावात काय भाव फुटेल ते कोणाच्या हातात नाही.

जून ते ऑगस्टसाठी वेगळा परिच्छेद आहे. मे अखेरीस सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते ऑगस्ट अखेरपर्यंत. २०२५ च्या जुलैत किल्ला युनेस्कोच्या वारसा यादीत गेला तेव्हा भर पावसात लोकांचे फोन आले, "उद्या किल्ला बघायला येतो." किनाऱ्यावरून बघता येईल, आत जाता येणार नाही, हे त्यांना निघण्याआधी कळायला नको का? त्याच परिच्छेदात लिहिलंय की पावसात कुळथाची पिठी, गरम भात आणि सुका बांगडा मिळेल, दर कमी असेल, आणि वीज जाऊ शकते.

फोटो आमच्याच फोनवर काढलेले. ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर, सकाळी आठच्या सुमारास. चादरी इस्त्री करून, दोरीवरचे टॉवेल काढून. फोनचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो तसाच चढवायचा नाही. भाच्याने स्क्वूश नावाचं फुकट साधन दाखवलं, ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रुंदी कमी केली की तोच फोटो दीडशे-दोनशे केबीत बसतो आणि डोळ्याला फरक जाणवत नाही. एकंदर नऊ फोटो ठेवले. याचं कारण कोकण रेल्वे. आमचे बरेच पाहुणे कुडाळला उतरतात आणि पत्ता गाडीत बसल्यावर उघडतात. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा, आणि पुढेही बोगद्यांमागून बोगदे. मध्ये जी मिनिटभर रेंज मिळते तेवढ्यात पान उघडायला हवं. पहिल्या साइटवर दरपत्रकसुद्धा चित्र म्हणून चिकटवलं होतं. आता सगळा मजकूर अक्षरांत आहे. पटकन उघडतो, आणि शोधणाऱ्याला गूगलवर सापडतो.

बुकिंगचं कॅलेंडर साइटवर नाही, पैसे भरायची सोयही नाही. भाचा करून देत होता, मीच नको म्हटलं. तीन खोल्यांना ते झेपत नाही. फोनवर खोली दिली आणि रेंज नसल्यामुळे कॅलेंडर बदललं नाही, तर एका खोलीला दोन कुटुंबं येऊन उभी राहणार. त्याऐवजी एक हिरवं बटण आहे. ते दाबलं की व्हॉट्सॲप उघडतं आणि निरोप आधीच लिहिलेला असतो: "नमस्कार. आम्ही __ जण, __ तारखेला येऊन __ तारखेला निघू. शाकाहारी __." पाहुण्याने फक्त जागा भरायच्या. पूर्वी एवढं कळायला सात-आठ निरोप व्हायचे. भाच्याने सांगितलं, यात काही विद्या नाही, व्हॉट्सॲपची साधी लिंक आहे. तिच्यात आपला नंबर ९१ लावून लिहायचा, आधी अधिकचं चिन्ह किंवा शून्य नको.

आगाऊ रक्कम बोलणं झाल्यावर यूपीआयने घेते. साइटवर ठळक लिहिलंय की माझ्याशी फोनवर बोलल्याशिवाय कोणालाही पैसे पाठवू नका, आणि पाठवताना पडद्यावर माझंच नाव दिसतंय ना ते बघा. दुसऱ्यांच्या घरांचे फोटो चोरून खोट्या साइट करणारे आणि आगाऊ पैसे लुबाडणारे आहेत, म्हणून हे लिहावं लागतं.

मोठ्या बुकिंग साइट सोडल्या का, असंही विचारतात. नाही. एकीवर आहोत. तिथे दर शंभरातले पंधरा-अठरा रुपये जातात, पण अनोळखी माणूस पहिल्यांदा तिथूनच येतो. मग तो आमचं नाव शोधतो आणि आमच्या पानावर पोचतो. अजून एक फरक पुष्कळांना माहीत नसतो. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेली, जीएसटी नोंदणी नसलेली आमच्यासारखी घरं थेट आलेल्या पाहुण्याला जीएसटी लावत नाहीत. तीच खोली बुकिंग साइटवरून घेतली तर कर भरायची जबाबदारी त्या कंपनीवर असते, आणि तो पाहुण्याच्या बिलात येतो. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. दुसऱ्यांदा येणारे पाहुणे आता बहुतेक थेट फोन करतात.

नकाशावरची खूण स्वतःच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहून लावा. आम्ही ती घाईत मुख्य रस्त्यावरून लावली होती. रात्री नऊ वाजता एक कुटुंब खाडीकडच्या धक्क्यावर जाऊन थांबलं, पुढे पाणी.

भाच्याने सगळं पान एकाच फाइलीत लिहिलं आणि क्लाउडफ्लेअर पेजेस नावाच्या, साइट ठेवायच्या सेवेवर फुकट ठेवलं. पत्त्याच्या सुरुवातीचं सुरक्षित https ही तिथे आपोआप मिळतं. मी त्याला एकच अट घातली होती, दर मला बदलता आले पाहिजेत. त्याने शिकवलं: नोटपॅडमध्ये फाइल उघड, आकडा शोध, फक्त आकडा बदल, आजूबाजूच्या कंसांना हात लावू नकोस, जतन कर, फोल्डर ओढून क्लाउडफ्लेअरच्या पानावर सोड. गेल्या एप्रिलमध्ये तो पुण्याला होता. दुपारी सगळी झोपल्यावर मी एकटीने २२०० चे २५०० केले, फोल्डर ओढला आणि फोनवर पान पुन्हा उघडलं. २५००. ओटीवर येऊन सासूबाईंना उठवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला आणि म्हणाल्या, "आता घावण्यांचे पण वाढव."

तर आठशे रुपये, एक महिना वही, आणि भाच्याचे दोन दिवस. कोणाला करायची असेल तर मी बसून दाखवीन, त्याचे पैसे नाहीत. पावसाळ्यात या, दुपारी दोननंतर मी मोकळी असते. वही मात्र आजपासूनच फोनच्या शेजारी ठेवा, आणि येताना ती भरलेली घेऊन या.